विमानाला घाबरणारी उमा

उमा कर्णिक विमानाला घाबरते, हे अंबरनाथ पूर्वेतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. वाण्याला माहीत, दूधवाल्याला माहीत, गणपतीची वर्गणी मागायला येणाऱ्या पोरांनाही माहीत. फक्त उमा तोवर एकदाही विमानात बसलेली नव्हती. गच्चीवर पापड वाळत घालताना मान वर करून तिने विमान पाहिलं असेल, तेवढंच. मग ही भीती आली कुठून? ती तिच्या नवऱ्याने दिली. लग्न झाल्यापासून त्याने तिला जे काही दिलं, त्यातली टिकलेली वस्तू हीच एक.

मी त्यांची शेजारीण, कुंदा. शाळेत चित्रकला शिकवायचे. आमच्या दोन स्वयंपाकघरांत एकच भिंत, आणि बिल्डरने ती अशी बांधलेली की पलीकडे कढीला फोडणी दिली तरी इकडे कळावं. मी लग्न केलं नाही. त्यामुळे नवरा म्हणजे काय चीज असते हे मला कळणार नाही, असं हेमचंद्र कर्णिक चारचौघांत म्हणायचा. मला चांगलं कळत होतं. भिंतीतून रोज ऐकू यायचं.

हेमचंद्र एमआयडीसीतल्या एका कारखान्यात परचेस ऑफिसर होता. दारावरच्या पाटीवर नावाच्या खाली ‘ऑफिसर’ असं रंगवून घेतलेलं. पाटीसमोर कुत्रं झोपायचं, त्याला काही फरक पडत नव्हता. घरात पाण्याचा पेला हातात आणून द्यावा लागे. चष्मा कपाळावर असायचा आणि हा ओरडायचा, उमा, माझा चष्मा. ती बिचारी हातातलं पीठ झटकत यायची आणि त्याच्या कपाळावरून काढून नाकावर ठेवायची. मला तिचाही राग यायचा. अगं, एकदा तरी नाही म्हण. पण ती नाही म्हणणाऱ्यांतली नव्हती.

उमाला एकच नाद होता. साबण, दंतमंजन, चहा, कशाचीही स्पर्धा पेपरात आली की ती वेष्टणं जमवून भाग घ्यायची. ‘आम्हाला अमुक आवडतं, कारण...’ आणि पुढे आपलं वाक्य. स्टीलचे चमचे, एक थर्मास, भिंतीवरचं घड्याळ अशी बक्षिसं तिला मिळालेली. पण कूपनावर ती नाव घालायची नवऱ्याचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “गॅस त्यांच्या नावावर, रेशनकार्ड त्यांच्या नावावर, आणि हेच तेवढं माझ्या नावावर? बरं दिसतं का?” तिला त्यात काही वाईटही वाटत नव्हतं. आमच्याकडच्या बायका तशाच लिहायच्या. पोस्टमनलासुद्धा दारावरचं नाव शोधायला बरं पडतं, म्हणायच्या.

अठ्ठ्याऐंशी साली एका चहा कंपनीची स्पर्धा आली. उमाने लिहिलं, ‘आम्हाला हा चहा आवडतो, कारण निघालेला पाहुणा पुन्हा बसतो.’ भाजी निवडता निवडता तिला ते सुचलं, मी समोर बसले होते. मी हसले तर म्हणाली, “पाठवू का? बाष्कळ तर नाही ना?” आणि पाठवलं. पहिलं बक्षीस मिळालं. विमानाने सिंगापूर, दोघांना, चार दिवस. विजेते, श्री. हेमचंद्र कर्णिक.

त्या दिवशी उमा माझ्याकडे आली ती धावतच. माझ्या खाटेवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. मग विचारलं, “कुंदा, विमानात खिडकी उघडता येते का गं?” मी सांगितलं, येत नाही. “मग काचेतून दिसतं ना खालचं?” दिसतं म्हटलं. तिला दुसरं काही नको होतं. सिंगापूर काय, सोलापूर काय, तिला वरून खालचं बघायचं होतं.

कंपनीची दोन माणसं फोटो काढायला आली तेव्हा मी तिथेच होते, कारण चहाचे चांगले कप माझे होते. हेमचंद्र सोफ्याच्या मधोमध बसलेला, सफारी घालून. त्यातल्या एकाने सहज विचारलं, “मिसेस येणार ना बरोबर? तिकिटं दोघांची आहेत.”

हेमचंद्र म्हणाला, “हिला विमानाची भीती वाटते हो. नुसतं नाव काढलं तरी घेरी येते.”

उमा ट्रे घेऊन उभी होती. कप एकमेकांवर वाजले. हेमचंद्रची आई, माई, कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, “कधी आली गं तुला घेरी?”

“माई, तू आत जा,” हेमचंद्र म्हणाला. आणि कंपनीवाल्यांना म्हणाला, “माझा एक मित्र आहे, श्रीपाद. आमच्याच कारखान्यात आहे. तो येईल.”

श्रीपाद म्हणजे याचा रमीचा जोडीदार. त्याच्याकडे पासपोर्ट तयार होता, कारण कधीकाळी तो आखातात जायला निघाला होता आणि एजंटाने टोपी घातल्यावर परत अंबरनाथलाच राहिला होता. उमाकडे पासपोर्ट नाही, असं हेमचंद्रचं म्हणणं. अरे, पण तुझ्याकडे तरी कुठे होता? तोही नव्याने काढायचाच होता. मग म्हणे, पोराची परीक्षा. पोरगा तिसरीत. मग म्हणे, माईंकडे कोण बघणार. माई ठणठणीत. पालेगावात ओळखीच्या शेतकऱ्याकडे चालत जाऊन मेथीच्या जुड्या घेऊन यायच्या. त्या स्वतः म्हणाल्या, “अरे हेमू, मी बघते घर. तिने मिळवलंय, तिला ने.” त्यावर हा म्हणाला, “माई, तुला यातलं कळत नाही. परदेशात इंग्लिश बोलावं लागतं.” ह्याचं इंग्लिश मी ऐकलं होतं. कारखान्याच्या फोनवर येस सर, येस सर यापलीकडे गाडी जात नसे.

मी उमाला विचारलं, “तू गप्प का बसलीस?”

ती म्हणाली, “पाहुण्यांसमोर काय बोलायचं? त्यांची शोभा झाली असती.”

शोभा. आयत्या बिळावर हा नागोबा बसला, आणि हिला नागोबाच्या शोभेची काळजी.

जाण्याआधी सोसायटीने त्याचा सत्कार केला. तेव्हा तशी पद्धतच होती. कोणी परदेशी निघालं की शाल, नारळ आणि हार. जाऊन काय दिवे लावणार हे कोणी विचारायचं नाही. विमानाचं तिकीट हीच पदवी. सेक्रेटरींनी त्याला विचारलं, एवढं सुंदर वाक्य सुचलं तरी कसं? तर हा म्हणतो, “दाढी करत होतो. आरशात बघता बघता आलं एकदम.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. उमानेही वाजवल्या. मी तिच्याकडे बघितलं, तर तिने नजर वळवली. मग बायका तिच्याभोवती जमल्या. एक म्हणाली, आलं तोंडात धरायचं. दुसरी म्हणाली, माझ्या नणंदेला बसही लागते, काही वाटून घेऊ नका. बक्षीस ह्याच्या नावावर, भीती तिच्या नावावर, आणि सगळी सोसायटी त्याला साक्षीदार.

होळी झाल्यावर दोघं मित्र गेले आणि पाडव्याच्या आत आले. हेमचंद्रने उमासाठी साडी आणली. जपानी, गुळगुळीत, मोठाल्या फुलांची. सगळ्या बायकांना दाखवली, सिंगापूरची म्हणून. उमाने घडी उलगडली, काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, छान आहे. बायका गेल्यावर मला म्हणाली, “ईश्वरीबाईंच्या दुकानातली आहे.”

ईश्वरीबाई म्हणजे उल्हासनगर कॅम्प एकमधल्या साड्यांच्या दुकानाच्या सिंधी मालकीण. उमा त्यांच्याकडून साड्या आणून फॉल-बिडिंग करून द्यायची, आणि त्या तिला अदी म्हणायच्या, म्हणजे सिंधीत ताई. त्या गठ्ठ्यातला कपडा ती डोळे मिटून ओळखायची. पुढच्या खेपेला मी तिच्याबरोबर गेले, तर ईश्वरीबाईंनी न विचारताच सांगितलं, “अदी, तेरा साहब आया था. बहुत जल्दी में. बोला, कोई भी दे दो, बस फॉरेन की दिखनी चाहिए.” आणि उमाने काय करावं? ती साडी हळदीकुंकवाला नेसली. कोणी विचारलं की सांगायची, ह्यांनी आणली.

त्यानंतर हेमचंद्रच्या तोंडी सिंगापूरशिवाय विषय नाही. लग्नात सिंगापूर, बारशात सिंगापूर, मर्तिकाला गेला तरी तिथे सिंगापूर. तिथे रस्त्यावर थुंकलं की दंड करतात, हे तो गॅलरीतून खाली पानाची पिंक टाकून सांगायचा. तिथे एक पाणी ओकणारा सिंह आहे, तो म्हणे आपल्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच. आणि गोष्ट कुठूनही सुरू झाली तरी शेवट ठरलेला. “हिला न्यायची फार इच्छा होती हो. पण काय करणार, विमानाचं नाव काढलं की पांढरी पडते.” लोक उमाकडे बघून चुकचुकायचे. ती मान खाली घालून हसायची.

मग श्रीपादचं आणि त्याचं बिनसलं. कारखान्यातल्या कुठल्याशा बढतीवरून. श्रीपाद मला भाजी बाजारात भेटला आणि रस्त्यातच ओकला सगळं. म्हणाला, “कुंदाताई, हा तुमचा शेजारी सहार विमानतळापासून माझा हात धरून बसला होता. विमान हललं की रामरक्षा. तीही धड येत नाही, अर्ध्यातून परत पहिल्यापासून. तिकडे पोहोचला तर पोट बिघडलं. मग परत विमानात बसायचंय या धास्तीने खोलीबाहेर पडेना. आम्ही पत्ते खेळलो. तो सिंह बसमधून लांबून दिसला, तेवढाच.”

मला इतका आनंद झाला की घ्यायची कोथिंबीर विसरून मी घरी आले. उमा तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं, तिखटमीठ न लावता, जसंच्या तसं. मला वाटलं, आता तरी ही हसेल, नाहीतर पेटेल.

ती म्हणाली, “बघ म्हणजे. त्यांच्यासारख्या माणसाला एवढी भीती वाटली, तर माझं काय झालं असतं?”

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही बाई खोटं सहन करते आहे. तसं नव्हतं. ती ते खरं मानायला लागली होती. गच्चीवरून विमान गेलं तर आता मान वर करायची नाही. मला त्या दिवशी हेमचंद्रची इतकी किळस आली की त्याच्या दारावरून जाताना मी पाटीकडे बघणंही सोडलं.

माई गेल्या. जाण्याआधी एकदा मला म्हणाल्या होत्या, “कुंदा, हिला एकदा उडवून आण गं.” मी हो म्हटलं होतं. म्हाताऱ्या माणसाला आपण हो म्हणतो, तसं.

शहाण्णव साली ईश्वरीबाईंनीच विषय काढला. त्यांच्या भाच्याने टूरचा धंदा सुरू केलेला, चैत्रात बायकांचा एक जथा सिंगापूरला न्यायचा होता. उमाची त्यांच्याकडे भिशी होती, ती लागलेली. ईश्वरीबाई म्हणाल्या, “अदी, चल. साडी लाके देते हैं सब, तू खुद जाके देख.”

उमा म्हणाली, “नको. मला विमानाची भीती वाटते.”

तिच्या स्वतःच्या तोंडून ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. दुकानातच मी तिच्यावर बरसले. “तू कधी बसलीस विमानात? नाही ना? मग वाटते कशी? कोणी सांगितलं तुला?” ती म्हणाली, सगळेच म्हणतात ना. मी म्हटलं, “सगळ्यांना घाल चुलीत. मी येते बरोबर.” मला जायचं नव्हतं खरं म्हणजे. मला झोपाळ्यावर बसलं तरी मळमळतं. पण माईंना शब्द दिला होता, आणि त्या पाटीवाल्याचा सूड घ्यायची हौसही होतीच. ती मी लपवत नाही.

उमाने घरी विचारलं. भिंतीतून मला सगळं ऐकू आलं. तो रागावला असता तर उमा नक्की राहिली असती. पण तो हसला. खूप वेळ हसला. म्हणाला, “तू? अगं, सहारच्या दारातून परत येशील. लावतो पैज.” दुसऱ्या दिवशी त्याने हे वाण्याला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. वॉचमनने उमाला विचारलं, “भाभी, सच में जाओगी?” ती तशीच माझ्याकडे आली आणि म्हणाली, “फोटो कुठे काढायचे पासपोर्टचे?”

तो सोडायला आला नाही. ऑफिसमध्ये काम आहे म्हणाला. मी खूश झाले.

विमानात उमाला खिडकी दिली. धावपट्टीवर विमान सुसाट सुटलं तेव्हा मी डोळे मिटून खुर्चीचे दांडे धरले होते, आणि लाज सोडून सांगते, मीही देवाचं नाव घेत होते. डोळे उघडले तर उमा काचेला नाक लावून बसलेली. खाली खाडी, मिठागरं, डोंगर. ती माझ्याकडे वळेना. मला वाटलं रडते आहे. मी तिचा खांदा हलवला. ती वळली, आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

“कुंदा,” ती म्हणाली, “एवढंच असतं?”

इतक्या वर्षांत तिला रागावलेली मी पहिल्यांदा बघत होते. “एवढंच असतं हे? याच्यासाठी मी आठ वर्षं मान खाली घालून हसत होते?” मग तिने आपलं जेवण खाल्लं, आणि मला जाणार नव्हतं तर माझंही खाल्लं.

सिंगापूर मला काही विशेष वाटलं नाही. धुतलेलं शहर, बाकी दुकानंच दुकानं, म्हणजे उल्हासनगरच, पण आंघोळ करून आलेलं. आमच्या जथ्यातल्या बायका सकाळी पिशव्या घेऊन सुटायच्या आणि परत येऊन एकमेकींचे भाव काढत बसायच्या. उमाने काही घेतलं नाही. ती उठायची उशिरा. पहिल्या दिवशी उठल्यावर घाबरून म्हणाली, किती वाजले, आणि मग तिच्या लक्षात आलं की कोणाला डबा द्यायचा नाही. पुन्हा आडवी झाली. आम्ही नदीकाठी फिरलो, शहाळं प्यायलो, दुपारभर बाकावर बसून येणारे-जाणारे बघितले. तो सिंह बघितला. आमच्या पाण्याच्या टाकीच्या निम्माही नाही. उमा त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग जी हसायला लागली ती थांबेचना. पोट धरून खालीच बसली. शेजारची गोरी माणसं वळून बघायला लागली. अंबरनाथात ती असं हसली असती तर भिंतीतून मला कळलं असतं. मी कधी ऐकलं नव्हतं.

परत निघालो त्या दिवशी सकाळपासून ती गप्प होती. विमानात खिडकी मिळाली, पण बाहेर बघितलं नाही. जेवण आलं, तिने झाकणही उघडलं नाही. मुंबई जवळ आल्याचं सांगितलं तसा तिने माझा हात धरला. हात गार पडलेला, तळव्याला घाम. मला वाटलं, आता लागलं हिला विमान. जाताना नवलाई होती, आता खरं काय ते बाहेर येतंय. मला वाईट वाटलं, कारण त्या माणसाचं खरं ठरणार होतं. मी तिला लिमलेटची गोळी दिली. तिने ती मुठीतच धरून ठेवली.

टॅक्सी सोसायटीच्या फाटकात शिरली तेव्हा संध्याकाळ झालेली, आणि माणसं खाली जमलेली. हेमचंद्र मधोमध उभा. त्याने इस्त्रीचा सफारी घातला होता आणि हातात हार होता. सत्काराची जबाबदारी त्याने स्वतःकडेच घेतलेली दिसली. तो सेक्रेटरींना सांगत होता, “मीच पाठवलं हो. म्हटलं, किती दिवस घाबरणार? माणसाने बायकोला पुढे आणलं पाहिजे.” उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोक माना डोलवत होते.

उमा उतरली. त्याने तिच्या गळ्यात हार घातला. तिच्या हातात बॅग होती, ती घ्यायचं मात्र त्याला सुचलं नाही. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, “काय मग? खरं सांग हं. घाबरलीस की नाही?”

वाणीसुद्धा आला होता.

उमाने बॅग खाली ठेवली. त्याच्याकडे सरळ बघितलं. “जाताना अजिबात नाही वाटली,” ती म्हणाली. “परत येताना वाटली. फार वाटली.”

मला विमानातला तिचा हात आठवला. तो विमानामुळे गार पडला नव्हता.

“बघा,” हेमचंद्र सेक्रेटरींकडे वळून म्हणाला, “मी सांगत नव्हतो? विमान उतरताना भल्याभल्यांची फाटते.” त्याने टाळी मागितली, सेक्रेटरींनी दिली. सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. उमाने बॅग उचलली आणि जिना चढायला लागली.